पायलटच्या निवृत्तीचं वय ६५ वरून ६७: मेडिकल पास असताना घरी का बसवतात, आणि नियम बदलला तर हाती नेमकं काय येईल?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत, ते आधी वेगळे करून घेतो. तुमच्या बहिणीचे यजमान अमेरिकेतल्या एका मोठ्या एअरलाइनमध्ये बोइंग ७७७ या लांब पल्ल्याच्या मोठ्या विमानाचे कॅप्टन आहेत आणि पुढच्या वर्षी त्यांना ६५ पूर्ण होतील. दर सहा महिन्यांनी फर्स्ट क्लास मेडिकल देतात, दर वेळी पास होतात. मग ठणठणीत माणसाला केवळ वाढदिवसाच्या तारखेवरून घरी का बसवायचं, हा पहिला प्रश्न. मर्यादा ६७ होणार असं बरेच दिवस कानावर येतंय, तर त्या भरवशावर पुढचे बेत लांबणीवर टाकावेत का, हा दुसरा. आणि तुमचा मुलगा बारामतीला कमर्शियल लायसन्सचे तास भरतोय. वरची माणसं उशिरा निवृत्त झाली तर त्याची वाट अडेल का, हा तिसरा.

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तारीख गुंतलेली आहे. त्या भरवशावर थांबू नका. ६७ कधी होणारच नाही असं माझं म्हणणं नाही. पण झालं तरी मेहुण्यांना आजचंच काम, त्याच विमानावर, त्याच मार्गांवर आणखी दोन वर्षं मिळेल असा त्याचा अर्थ होत नाही. बाहेरून ही चर्चा ऐकणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच गोष्ट सुटते. मी या विषयाकडे वैमानिकांचं प्रशिक्षण आणि क्रू प्लॅनिंग या बाजूने पाहतो, त्यामुळे उत्तरही त्याच बाजूने येईल. पेन्शनचा किंवा कामगार कायद्याचा जाणकार यातले काही मुद्दे वेगळ्या क्रमाने मांडेल.

वयाच्या या मर्यादेला दोन कुलुपं आहेत, आणि बातम्यांत बहुतेक वेळा एकाचीच चर्चा होते.

पहिलं कुलूप अमेरिकेच्या कायद्याचं. डिसेंबर १९५९ मध्ये तिथल्या एफएएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, एअरलाइनच्या पायलटांना ६० ची मर्यादा घातली, १९६० मध्ये ती लागू झाली आणि ४७ वर्षं टिकली. १३ डिसेंबर २००७ ला नवा कायदा होऊन ती ६५ वर गेली. २०२३ मध्ये प्रतिनिधीगृहाने एफएएच्या विधेयकात ६७ घातलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सिनेटच्या समितीत तो प्रस्ताव १४ विरुद्ध १३ मतांनी पडला, आणि मे २०२४ मध्ये सही झालेल्या कायद्यात ६५ च राहिलं. त्या वेळच्या एफएए प्रमुखांनीही कळवलं होतं की वय वाढवण्याआधी अभ्यास व्हायला हवा. म्हणजे तुम्ही ऐकलेली बातमी खोटी नव्हती. समितीत एका मताने हुकलेली गोष्ट आहे ती. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा डोकं वर काढते.

दुसरं कुलूप आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचं, म्हणजे आयकाओचं. तिच्या परिशिष्ट १ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणांसाठी वयाची मर्यादा दिलेली आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये ती दोन पायलटांच्या विमानांसाठी ६५ झाली, पण शेजारचा पायलट साठीच्या आतला हवा या अटीवर. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही जोडीची अट गेली. एकट्या पायलटने चालवायच्या उड्डाणांना मात्र आजही ६० च आहे. २०२५ मध्ये मॉन्ट्रियलला भरलेल्या महासभेपुढे एअरलाइन कंपन्यांच्या आयाटा या संघटनेने ६७ चा प्रस्ताव ठेवला होता, दोघांपैकी एक जण पासष्टीच्या आतला हवा या अटीसह. तो मान्य झाला नाही.

या दुसऱ्या कुलुपाचं वजन कळायला १९४४ च्या शिकागो कराराची कलमं ३९ आणि ४० बघावी लागतात. त्यांचा मथितार्थ असा: ज्याचं लायसन्स आंतरराष्ट्रीय मापात पूर्ण बसत नाही, तो पायलट दुसऱ्या देशाच्या हद्दीत त्या देशाच्या परवानगीशिवाय विमान नेऊ शकत नाही. हद्द म्हणजे नुसता विमानतळ नव्हे, वरचं आकाशसुद्धा. उद्या अमेरिकेने एकट्याने ६७ केलं तर ६६ वर्षांचा अमेरिकन कॅप्टन शिकागो ते डेन्व्हर बिनदिक्कत नेईल. पण नेवार्क ते मुंबई न्यायचं तर वाटेतल्या प्रत्येक देशाने होकार द्यायला हवा. असे होकार एकेका पायलटसाठी गोळा करत कोणी रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, लावत नाही.

हे घडून गेलेलं आहे. ऑस्ट्रेलियात वयावरून नोकरीतून काढायला कायद्याने बंदी आली, तेव्हा आंतरराष्ट्रीय मर्यादा ६० होती. क्वांटास या तिथल्या एअरलाइनचा ७४७-४०० चा एक कॅप्टन साठीला पोचल्यावर कोर्टात गेला. त्याला चालतील असे परदेशी मार्ग मोजायला गेलं तर न्यूझीलंड, फिजी, इंडोनेशिया एवढेच उरत होते, आणि तेवढ्यावर त्याचं रोस्टर भरत नव्हतं. १९९८ मध्ये तिथल्या हायकोर्टाने, जे त्यांचं सर्वोच्च न्यायालय आहे, क्वांटासच्या बाजूने निकाल दिला. कॅनडात सक्तीच्या निवृत्तीला मुभा देणारी तरतूद २०१२ मध्ये गेली, तरी वेगळाच पेच राहिला: टोरांटो ते व्हँकुव्हरसारखी देशातल्या देशातली विमानंही वारा आणि हवामान बघून कधी कधी अमेरिकेच्या आकाशातून जातात. जपानने २०१५ पासून ६८ व्या वाढदिवसापर्यंत मुभा दिली आहे आणि तिथे ते चालतं, कारण त्यांचं देशांतर्गत जाळं मोठं आहे आणि ते स्वतःच्याच आकाशात राहतं.

आता मेहुण्यांचं उदाहरण घेऊन बघू. समजा अमेरिकेने ६७ केलं आणि आयकाओ ६५ वरच राहिली. ६५ व्या वाढदिवशी ते ७७७ वरून उतरतील, कारण त्या ताफ्याची बहुतेक उड्डाणं परदेशी असतात. नोकरी मात्र राहील. सिनिऑरिटी वरची असल्यामुळे ते ७३७ किंवा ए३२० या देशांतर्गत मार्गांवरच्या लहान विमानांच्या कॅप्टनची जागा मागतील आणि ती त्यांना मिळेलही. इथून पुढे प्रशिक्षण विभागाचं काम सुरू होतं.

नव्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचा परवाना, मिळवायचं तर आधी एक-दोन आठवडे वर्ग आणि संगणकावरचा अभ्यास, मग प्रोसिजर ट्रेनर, मग फुल फ्लाइट सिम्युलेटरची सात ते नऊ सत्रं. प्रत्येक सत्र चार तासांचं, आधी दीड-दोन तास ब्रीफिंग, नंतर डीब्रीफिंग. मग चेक राइड, म्हणजे परीक्षा. त्यानंतर प्रवासी घेऊन, चेक एअरमनला, म्हणजे तपासनीस पायलटला, शेजारी बसवून २५ तासांच्या घरात उड्डाण. सगळं सुरळीत गेलं तरी सहा ते आठ आठवडे लागतात, आणि सिम्युलेटरची तारीख मिळायची वाट बघण्यात जातात ते दिवस निराळे. एवढ्यावर भागत नाही. टाइप रेटिंगनंतर १२० दिवसांत १०० तास भरावे लागतात. त्या विमानावर कॅप्टन म्हणून पहिले १०० तास होईपर्यंत खराब हवेत उतरण्याची किमान उंची १०० फुटांनी आणि दृश्यमानता अर्ध्या मैलाने वाढवून धरावी लागते. शेजारचा को-पायलटही नवखा असून चालत नाही. दोघांपैकी निदान एकाचे त्या विमानावर ७५ तास झालेले हवेत. हिवाळ्यात धुकं पडलं की रोस्टर लावणाऱ्याची खरी कसोटी लागते: कॅप्टनला ३० वर्षांचा अनुभव, पण कागदावर तो ७३७ वर नवा, म्हणून तो विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवतो, आणि त्याच पट्टीवर पाच वर्षांचा कॅप्टन उतरतो.

कामाची जातही बदलते. ७७७ वर महिन्यात मोजकी उड्डाणं आणि तीन-चार पायलटांचा क्रू, त्यामुळे ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगची अट पुरी करायला काहींना सिम्युलेटरवर जावं लागतं. ७३७ वर दिवसाला तीन-चार लेग म्हणजे उड्डाणं, प्रत्येकाला नवा विमानतळ, नवी रेडिओ फ्रिक्वेन्सी, उतरल्यापासून चाळीस मिनिटांत पुन्हा निघणं आणि पहाटेचा रिपोर्टिंग टाइम. ६५ व्या वर्षी माणसाला शांत कामावरून धावपळीच्या कामावर टाकायचं, नव्या विमानावर शिकवायचं, आणि दीड वर्षाने निरोप द्यायचा. वर त्याची ७७७ ची जागा तर भरावीच लागते: ७३७ चा कॅप्टन वर जातो, ७३७ चा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, कॅप्टन होतो, त्याच्या जागी नवा माणूस येतो. साध्या निवृत्तीत ही साखळी एकदा हलते. ६७ च्या एकतर्फी कायद्यात ती दोनदा हलते, आणि मधे एक जादा टाइप रेटिंग येतं. सिम्युलेटर आणि प्रशिक्षक मोजकेच असतात. पायलट कमी पडतात म्हणून वय वाढवायचं आणि त्या वाढीनेच प्रशिक्षणाची रांग लांबवायची, असं ते होऊन बसतं.

आता पहिला प्रश्न: मेडिकल पास असताना घरी का? यावर मला जरा थांबून लिहायचंय, कारण दोन्ही बाजूंचे लोक इथे चुकीच्या मुद्द्यावर भांडतात.

बहुतेकांना भीती वाटते ती हार्ट अटॅकची. विमान वाहतुकीच्या वैद्यकशास्त्रात यासाठी अनेक देश एक टक्क्याचा नियम वापरतात: दोन पायलटांच्या विमानात एका पायलटला अचानक काही होण्याची शक्यता वर्षाला १ टक्क्यापर्यंत चालवून घेता येते. त्यामागचं गणित असं. वर्षाचे तास ८,७६०, हिशेबाच्या सोयीसाठी १०,००० धरा. वर्षाला १ टक्का म्हणजे तासाला दहा लाखांत एक. पण पायलट कोसळला म्हणून लगेच विमान पडत नाही. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या नाजूक मिनिटांत कोसळला तरच खरा धोका. तासाभराच्या फ्लाइटमध्ये ही मिनिटं दहावा हिस्सा धरली, तर शक्यता एक कोटीत एक होते. त्यातही दुसरा पायलट शंभरातल्या नव्याण्णव वेळा विमान सावरतो, असं सिम्युलेटरवरच्या चाचण्यांवरून धरलेलं आहे. म्हणजे अखेर अब्जात एक.

आता वाढत्या वयामुळे पहिला आकडा दुप्पट झाला असं समजा, १ ऐवजी २ टक्के. शेवटचा आकडा अब्जात दोन होतो. तरीही तो अगदी लहानच आहे. म्हणूनच "सहासष्टीचा कॅप्टन उड्डाणात गेला तर?" हा ६७ च्या विरोधातला सगळ्यात मोठ्याने मांडला जाणारा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटतो. जून २००९ मध्ये ब्रुसेल्सहून नेवार्कला निघालेल्या कॉन्टिनेन्टल एअरलाइनच्या ७७७ मध्ये ६० वर्षांचा कॅप्टन अटलांटिकवर असताना वारला. उरलेल्या दोघा पायलटांनी विमान नेवार्कला नेऊन नेहमीसारखं उतरवलं.

ते उतरतं याचं कारण त्याची तालीम झालेली असते. को-पायलटने ठरलेला कॉल दिला आणि कॅप्टन गप्प राहिला, तर कॉल पुन्हा द्यायचा. दुसऱ्यांदाही नीट उत्तर नाही, तर "आय हॅव कंट्रोल" म्हणून विमान हातात घ्यायचं, ऑटोपायलट लावायचा, विमान स्थिर करायचं. मग केबिन क्रूला बोलावायचं. कॅप्टनचे खांद्याचे पट्टे आवळून लॉक करायचे, म्हणजे तो कंट्रोल कॉलमवर कोसळणार नाही. सीट मागे सरकवायची, पाय रडर पेडलपासून दूर घ्यायचे, ऑक्सिजन द्यायचा. मेडे हा संकटाचा संदेश द्यायचा, जवळचा योग्य विमानतळ निवडायचा, चेकलिस्ट केबिन क्रूकडून वाचून घ्यायची. जाता जाता सांगतो, उड्डाणात पायलट निकामी होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हृदय नसून पोट आहे: जुलाब, उलट्या. त्याला वय लागत नाही.

मला काळजी वाटते ती वरच्या गणितात नसलेल्या गोष्टीची. ते गणित दुसरा पायलट सावरेल यावर उभं आहे, आणि सावरायचं तर आधी कळायला हवं. कोसळलेला माणूस दिसतो; हळूहळू मंदावलेला दिसत नाही. वयानुसार माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग, एकाच वेळी दोन कामांवर लक्ष ठेवणं, नुकतंच ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं, हे सावकाश उतरणीला लागतं. कोणाचं ५५ ला, कोणाचं ७२ ला. अनुभव त्यावर मात करतो, पण ओळखीच्या परिस्थितीत. नेहमीच्या मार्गावर, नेहमीच्या हवेत तीस वर्षांचा कॅप्टन तरुणापेक्षा सरस ठरतो, कारण त्याला अडचण यायच्या आधीच दिसते. फरक पडतो तो आधी कधीही न पाहिलेल्या गोष्टी एकापाठोपाठ आल्या तर.

सिम्युलेटरमध्ये हे कसं दिसतं ते सांगतो. पहिला बिघाड अशा माणसाला जड जात नाही. इंजिन गेलं, तो उत्तम हाताळतो. चेकलिस्टच्या मध्यावर दुसरा बिघाड द्या किंवा कंट्रोलरकडून रनवे बदलवा, मग बघा. पहिल्या कामातून मन निघायला वेळ लागतो. रेडिओवरचा एखादा कॉल ऐकूच येत नाही. फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये चुकीची ओळ भरली जाते आणि को-पायलट ती न बोलता दुरुस्त करतो. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात घातक. चांगला को-पायलट आदरापोटी, सवयीने कॅप्टनच्या चुका झाकत राहतो, आणि दोघांचा मिळून निकाल समाधानकारक लागतो. त्यात चेक राइडचा आराखडा बराचसा ठाऊक असतो. माणसं त्याची तयारी करून येतात. तीस वर्षं निष्कलंक उडवलेल्या माणसाला त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात नापास करायला परीक्षकाचा हात धजावत नाही, हेही खरं.

आणि मेडिकल? अमेरिकेच्या फर्स्ट क्लास मेडिकलमध्ये काय असतं ते मेहुण्यांना तोंडपाठ असेल. दूरची नजर चष्म्यासह २०/२०, जवळची २०/४०, पन्नाशीनंतर ३२ इंचांवरची म्हणजे पॅनेलच्या अंतरावरची नजर, सहा फुटांवरून बोललेलं ऐकू येणं, रक्तदाब, लघवीत साखर आणि प्रथिनं, चाळिशीनंतर वर्षाला एक ईसीजी. विचारांचा वेग, लक्ष, स्मृती यांची नेमाने होणारी चाचणी त्यात नाही. डॉक्टरांशी बोलताना माणूस गोंधळलेला वाटला तर पुढे पाठवतात, एवढंच. तेव्हा "मेडिकल पास, मग घरी का?" याचं माझं उत्तर असं: जे मोजायला हवं ते मेडिकल मोजत नाही, आणि त्या न मोजलेल्या गोष्टीची भरपाई म्हणून वयाची रेघ ओढलेली आहे. ती रेघ ओबडधोबड आहे. अनेक सक्षम माणसांवर ती अन्याय करते, मेहुण्यांवरही बहुधा करेल. पण तिच्या जागी काय ठेवायचं ते ठरवल्याशिवाय ती नुसती दोन वर्षं पुढे सरकवली, तर अन्याय तेवढाच राहतो आणि न मोजलेला भाग वाढतो.

६७ च्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मला मान्य आहे: ६० चं ६५ झालं तेव्हाही हीच भीती घातली गेली होती, आणि त्यानंतर वयामुळे अपघात वाढल्याचं दिसलं नाही. फक्त त्यातून एकच निष्कर्ष निघत नाही. साठीनंतर उडत राहिले ते मेडिकलच्या चाळणीतून उरलेले लोक होते. ज्यांची तब्येत बिघडली ते आधीच आजारपणाच्या रजेवर किंवा अपंगत्वाच्या विम्यावर गेले. त्यामुळे ६० ते ६५ चा चांगला अनुभव ६५ ते ६७ ला जसाच्या तसा लागू करता येत नाही. हे वय वाढेल तसं रजेवर जाणाऱ्यांचं प्रमाणही वाढतं, म्हणजे कागदावर वाचलेले पायलट रोस्टरवर तेवढे मिळत नाहीत.

युनियनांचं आणि कंपन्यांचं भांडण थोडक्यात. अमेरिकेतली सगळ्यात मोठी पायलट युनियन, आल्पा, ६७ च्या विरोधात आहे. छोट्या मार्गांवरच्या रिजनल कंपन्यांची संघटना बाजूने, कारण मोठ्या कंपन्या त्यांचेच कॅप्टन उचलून नेतात. दोघेही सुरक्षेची भाषा बोलतात आणि दोघांचेही हितसंबंध उघड आहेत. सिनिऑरिटीच्या पद्धतीत वरचा एक जण दोन वर्षं थांबला की खालच्या प्रत्येकाचा पगार, बेस आणि सुट्ट्यांचा क्रम दोन वर्षं अडतो. २००७ चा कायदा झाला आणि पाठोपाठ २००८ ची मंदी आली, तेव्हा तिथल्या कित्येक फर्स्ट ऑफिसरांची कॅप्टन होण्याची वाट अनेक वर्षं लांबली. युनियनमध्ये आज त्या पिढीचं मत चालतं. उलट २००७ च्या कायद्याआधी थोडक्यात साठी उलटलेल्यांना त्यांची सिनिऑरिटी परत मिळाली नाही. उद्या ६७ झालं तरी ते मागल्या तारखेपासून लागू होईल असं मानून चालू नका.

माझं मत विचाराल तर ६७ अशक्य किंवा अविचारी नाही, क्रम मात्र उलटा लागतोय. आधी साठीनंतरच्या पायलटांसाठी लक्ष आणि विचारांच्या वेगाची प्रमाणित चाचणी हवी, जिचा आधार त्याच पायलटची आधीची कामगिरी असेल. ६६ व्या वर्षीची तुलना पंचविशीतल्या मुलाशी करण्यात अर्थ नाही, त्याच्याच ५८ व्या वर्षाशी करावी. सिम्युलेटरमध्ये आधी न सांगितलेला प्रसंग आणि वर दुसरा बिघाड असलेलं एक सत्र हवं, ज्यात परीक्षक को-पायलटच्या मदतीची वेगळी नोंद करेल. उड्डाणाच्या रेकॉर्डरमधला डेटा इथे सोपा वाटतो, पण तो युनियनशी झालेल्या करारांनुसार नाव काढून वापरतात, कोणा एकावर बोट ठेवण्यासाठी नव्हे. तो विश्वास मोडला तर माणसं स्वतःहून चुका कळवायचं थांबवतील, म्हणून तिकडे हात घालू नये. ही मोजमापं हाती आली की मग आयकाओ, जोडीच्या अटीसह. आणि सगळ्यात शेवटी देशाचा कायदा, तोही प्रशिक्षण विभागाला तयारीला निदान एक वर्ष देऊन. जोडीच्या अटीलाही किंमत आहे हे लक्षात ठेवा: परदेशात को-पायलट आजारी पडला आणि बदली मिळाला तोही पासष्टीच्या पुढचा असला, तर विमान तिथेच उभं राहतं. २०१४ पर्यंत रोस्टरवाल्यांनी हे सोसलेलं आहे.

तुमच्या मुलाबद्दल फार लिहायची गरज नाही. भारतातही एअरलाइनसाठी मर्यादा ६५ च आहे. निवृत्तीचं वय दोन वर्षांनी सरकलं तर वरच्या जागा दोन वर्षं अडतात, नाहीशा होत नाहीत, आणि त्याचा फटका कॅप्टन व्हायच्या टप्प्यावर बसतो. त्याला २०० तासांनंतर पहिली नोकरी मिळणं किंवा न मिळणं हे विमानं किती येतात, सिम्युलेटरच्या जागा किती आहेत आणि टाइप रेटिंगचा खर्च कोण उचलतो यावर ठरेल. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. त्यातली विमानं वेळेवर येतात का, हे त्याने ६७ च्या चर्चेपेक्षा जास्त लक्ष देऊन बघावं.

आता मेहुण्यांनी या वर्षात काय करावं. शेवटची ट्रिप वाढदिवसाला चिकटवून बिड करू नये, म्हणजे मागू नये. परतीचं विमान एक दिवस अडकलं आणि तारीख उलटली तर ते कॅप्टन म्हणून परत येऊ शकणार नाहीत, प्रवासी म्हणून येतील. मधे तीन-चार दिवस सोडावेत. मेडिकेअरची, म्हणजे अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, नोंदणी वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन महिने अशी सात महिने खुली असते. तुमची बहीण ६५ ची झालेली नसेल तर मेहुण्यांचं मेडिकेअर तिला लागू होत नाही, तिच्या विम्याची सोय कंपनीच्या करारात काय आहे ते आत्ताच वाचावं. न वापरलेल्या आजारपणाच्या रजेचं काय होतं, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

उडायची हौस बाकी असेल तर दारं बंद होत नाहीत. त्यांचं लायसन्स रद्द होत नाही, ६५ ची मर्यादा फक्त एअरलाइनच्या उड्डाणांना आहे. चार्टर आणि खासगी कंपन्यांच्या जेटना ती लागत नाही, अगदी मोठ्या चार्टर कंपन्यांना ७० ची आहे. मात्र विमा कंपन्या स्वतःच्या वयाच्या अटी घालतात, त्या आधी विचाराव्यात. त्यांच्या अनुभवाला सगळ्यात चांगली जागा मला सिम्युलेटर प्रशिक्षकाची वाटते. तिथे वयाची मर्यादा नाही, मेडिकलही लागत नाही, आणि ७७७ शिकवणारे जाणते लोक कायम कमी असतात. त्यासाठी वाढदिवसाच्या सहा ते नऊ महिने आधी अर्ज करावा. नोकरीत असताना केलेला अर्ज आणि निवृत्तीनंतर वर्षाने केलेला अर्ज यांत मोठा फरक पडतो, कारण तोवर त्या विमानावरचा त्यांचा चालू अनुभव तुटलेला असतो आणि कंपनीला त्यांना आधी पुन्हा शिकवावं लागतं.